नोटरी मारून आण

आपल्या भाषेत माणूस काय काय मारतो! गप्पा मारतो, शाळेला दांडी मारतो, कट्ट्यावर कटिंग मारतो आणि तालुक्याला गेला की नोटरी मारतो. 'एवढी नोटरी मारून आण' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की नोटरी हा एक शिक्का आहे, अशी पन्नाशीपर्यंत माझी ठाम समजूत होती. गोल, जांभळा, ओला असला की बोटाला लागणारा. त्या शिक्क्यामागे एक माणूस असतो, त्या माणसालाच नोटरी म्हणतात, त्याच्यासाठी 1952 सालचा एक स्वतंत्र कायदा आहे, किमान दहा वर्षं वकिली केल्याशिवाय (बाई असेल तर सात) तो शिक्का हाती येत नाही आणि त्या शिक्क्याचा व्यासही नियमात पाच सेंटिमीटर असा बांधून दिलेला आहे, हे सगळं मला अलीकडे कळलं. कळायला नको होतं. नोटरी नुसता शिक्का होता तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

आमची जमीन कुळाची. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावात दोन एकर जिराईत कसायचे आणि खंड पुण्याच्या मालकांना पोचवायचे. मालकांनी ती जमीन कधी डोळ्यांनी पाहिली होती का, याबद्दल गावात दोन मतं होती. मग 1948 चा कूळ कायदा आला, पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी, कायद्याच्या भाषेत 'कृषक दिनी', कुळं ही कसत्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. तारीख एक एप्रिल असल्यामुळे मालकांनी सुरुवातीला ही बातमी थट्टेवारी नेली, असं आजोबा सांगत. पण शेतजमीन न्यायाधिकरणाने खरोखरच किंमत ठरवली. कायद्यात ती आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट. आमचा आकार 3 रुपये 40 पैसे. साठपट धरून झाले 204 रुपये, आणि तेही हप्त्यांनी! ते फेडल्यावर मिळालेला 'बत्तीस म'चा दाखला आजोबांनी ट्रंकेत आजीच्या लुगड्याच्या घडीत ठेवला. त्या घरात तेव्हा लुगड्याला कुणी परवानगीशिवाय हात लावत नसे, त्यामुळे तिजोरीची गरज नव्हती.

पुढे आजोबा गेले, वडील गेले आणि मी नोकरीसाठी पुण्याला येऊन राहिलो. जमीन गावाला राहिली. ती थोरले चुलतभाऊ कसतात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दरवर्षी संक्रांतीनंतर ते मला पोतंभर शाळू पाठवतात. थोडक्यात, ज्या माणसाच्या हातून आजोबांनी जमीन सोडवली, तोच माणूस आता मी झालो आहे. फक्त त्या मालकांच्या पगडीऐवजी माझ्या डोक्यावर गृहकर्ज आहे.

त्या कर्जापायीच मी माझा हिस्सा विकायचं ठरवलं. घेणार तात्याच. सातबाऱ्यावर तिघांची नावं: तात्या, मी आणि धाकट्या काकांच्या मागे काकू. वाटे केले तर प्रत्येकी जेमतेम सव्वीस-सत्तावीस गुंठे. पण सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात एक ओळ वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली: कूळ कायदा कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे कुळाने मिळवलेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकायची नाही. 2014 साली सरकारने हे बंधन सैल केलं. खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर परवानगी नको; विकण्याआधी आकाराच्या चाळीसपट नजराणा भरा, घेणारा शेतकरी असू द्या, त्याची जमीन सीलिंगच्या वर जाता कामा नये आणि तुकडेबंदी मोडू नका, की झालं.

3 रुपये 40 पैसे गुणिले चाळीस. 136 रुपये.

हा आकडा काढल्यावर मी इतका हुरळलो की पुण्याहून गाडी काढली. डिझेल 1,900 रुपयांचं लागलं.

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टायपिस्टांची रांग असते. आमचे ठरलेले टायपिस्ट म्हणजे एक सिद्धपुरुष. आपण काय बोलतो हे ऐकायच्या आत त्यांचं टायपिंग सुरू झालेलं असतं.

"काय करायचंय साहेब?"

"कलम 43 चा अर्ज आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र. आधी थोडी हकीकत सांगतो, म्हणजे..."

"झालं. प्रिंट काढू का?"

त्यांच्या कॉम्प्युटरात एकच फाइल आहे, असा माझा संशय आहे. भाडेकरार, वारसनोंद, रेशनकार्डातलं नाव, म्हशीचा सौदा, सगळं त्या एकाच फाइलीवर होतं. वरचं नाव बदलायचं, खालची तारीख बदलायची, मधल्या मजकुराला शक्यतो धक्का लावायचा नाही. मधला मजकूर कुणी वाचत नाही यावर त्यांचा दांडगा विश्वास आहे आणि आम्ही गिऱ्हाइकांनी त्याला आजवर कधी तडा जाऊ दिलेला नाही. त्यांनी पाच पानांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. मीही फुली दिसेल तिथे सही करत गेलो. शेवटच्या फुलीच्या वर छापलं होतं: 'सदर मजकूर मी वाचून पाहिला, तो मला समजला, आणि राजीखुशीने व अक्कलहुशारीने मी त्यावर सही करत आहे.' तेही मी नंतर वाचलं.

"आता पाचशेचा स्टँप लावा अन् नोटरी मारून आणा," टायपिस्ट म्हणाले.

"ह्यावरच खरेदीबी उरकून टाकू की," तात्यांनी सुचवलं. "पुढं रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला? नोटरी मारली की कागद पक्का. आमच्या मेव्हण्यानं दोन गुंठं नोटरीवरच घेतल्यात."

"मग?"

"मग काय, दहा वर्षं झाली, सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघतोय."

आमचे नेहमीचे नोटरी मात्र नेमके त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेले होते. एरवी ते लग्नाला गेले तरी शिक्का गावातच असायचा. या वेळी चुकून तोही वऱ्हाडात गेला. काकूंची सही तात्यांनी करायची आणि पुढचं नोटरींनी सांभाळून घ्यायचं, असा आमचा बेत होता. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं तोंड पाहून कागद अडवल्याचं ऐकिवात नव्हतं. खरं तर त्यांनी कुणाचं तोंडच पाहिलं नव्हतं. चहावाल्याने मान हलवली आणि म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या मॅडमकडं जावा. पण त्या वाचतात बरं का."

हे त्याने 'त्या चावतात' अशा सुरात सांगितलं.

मॅडमच्या टेबलावर एक जाड रजिस्टर, शाईचा पॅड आणि पाण्याची बाटली, एवढंच होतं. त्यांनी कागद हातात घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. नोटरीने आमच्याकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही दोघांनीही उगाच शर्टाच्या कॉलरी नीट केल्या.

"सह्या आधीच केल्यात?"

"हो, तुमचा वेळ वाचावा म्हणून."

"माझ्यासमोर करायच्या असतात. तुम्ही तेच आहात का, कागदात काय आहे ते तुम्हाला कळलंय का आणि सही माझ्यादेखत केलीत का, एवढंच माझं काम. बाकी खरं-खोटं तुमच्या माथी. दुसरी प्रत काढा. आणि तिसरी सही कुणाची?"

"काकूंची. त्या घरी आहेत. त्यांचे गुडघे दुखतात."

"सही तर झालेली दिसते."

तात्या लिंबाकडे पाहू लागले.

"आणा त्यांना," मॅडम म्हणाल्या. "आणि ओळख पटवणारा माणूस?"

तो आम्ही आवारातूनच आणला होता. असे दोन-तीन गृहस्थ तिथे कायम उभे असतात. चहा आणि पन्नास रुपयांत ते कुणालाही जन्मापासून ओळखतात. आमचे गृहस्थ पुढे सरसावले. "ह्यास्नी मी ल्हानपनापासनं वळखतो. आमच्या मांडीवर वाढल्यात."

"नाव काय यांचं?"

गृहस्थांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. वयाने ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असावेत. "लाडानं बाळच म्हणायचो," ते म्हणाले आणि पन्नास रुपये परत न करता गर्दीत दिसेनासे झाले.

तात्या काकूंना आणायला गेले. तेवढ्यात मॅडमनी स्टँपपेपर माझ्याकडे सरकवला. "हा परत घेऊन जा. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक माफ आहे. कोऱ्या कागदावर चालतं."

"साध्या कागदावर?" मला ते पटेना. साध्या कागदावर घेतलेली शपथ म्हणजे आंघोळ न करता केलेल्या पूजेसारखी वाटत होती. शिवाय तो कागद शंभराचा होता तेव्हापासून आम्ही लावत आलोय. 2024 च्या ऑक्टोबरात तो पाचशेचा झाला तेव्हा सरकारला शिव्या देत लावला, पण लावला. वीस वर्षांत कुणीही मागितलेला नसताना!

काकू आल्या. रिक्षातून उतरून, काठी टेकत, इस्त्रीचं नऊवारी नेसून, लग्नाला आल्यासारख्या. आजवर त्यांच्या सह्या घरबसल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना नकळतच, होत आल्या होत्या. त्यामुळे आपल्या सहीसाठी कुणीतरी अडून बसलंय याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. मॅडमनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिल्या परिच्छेदात मी विधवा निघालो. 'माझे पती दीर्घ आजाराने मयत झाले असून' असं मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं होतं. दुसऱ्यात आमचा गट नंबर बरोबर होता. त्यावर तात्यांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'सदर मिळकत अंगाने धष्टपुष्ट, शिंगे आखूड, दुसऱ्या वेताची असून पान्हा चोरत नाही.'

"टायपिंगची चूक," तात्या म्हणाले.

"एक वाक्य खरं आहे," काकू म्हणाल्या. "गेल्या साली लई पिकली."

पुढचं कलम सीलिंगचं. जिराईत चोपन्न एकरांच्या वर आपली जमीन नाही, असं शपथेवर सांगायचं होतं. पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेच्या बाल्कनीत सात कुंड्या आहेत. त्यांतली कढीपत्त्याची बायकोच्या नावावर. तेवढ्या सगळ्या धरूनही मी मर्यादेत बसत होतो, म्हणून छाती पुढे काढून 'हो' म्हणालो. त्याखाली खोटं बोलल्यास भारतीय दंड विधान कलम 193 प्रमाणे शिक्षेस पात्र राहीन, असं होतं. मॅडमनी ते खोडलं. "1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, कलम 229." म्हणजे मी खोटं बोलणार होतो, तेही जुन्या कायद्याने.

"'सदर जमीन मी व्यक्तिशः कसतो'," मॅडमनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"म्हणजे मी... गणपतीत येतो ना. बांधावर उभा राहतो."

"कसतं कोण?"

"तात्या."

"तुम्हाला काय देतात?"

"पोतंभर शाळू," मी सरळ सांगून टाकलं.

लिंबाखाली एकदम शांतता पसरली. शेजारच्या टायपिस्टाची बोटं थांबली. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, हे कलम 4 महाराष्ट्रात शाळेत शिकवत नाहीत, पण आमच्या तालुक्यात चहावाल्यालाही पाठ आहे. तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकाश पसरत गेला. असा प्रकाश मी फक्त आजोबांच्या, तो दाखला मिळाल्यानंतरच्या फोटोत पाहिला आहे.

"म्हंजी मॅडम, मी कूळ?"

"मालकाच्या कुटुंबातला माणूस कूळ होत नाही," मॅडम म्हणाल्या. प्रकाश गेला. माझा जीव भांड्यात पडला.

"कुटुंब कुठलं?" काकू म्हणाल्या. "चुली येगळ्या होऊन वीस वर्सं झाली की."

प्रकाश परत आला. तात्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आकडेमोड सुरू केली. माझ्या हिश्शाचा आकार साधारण 1 रुपया 13 पैसे. कायद्यातली कमाल दोनशेपट धरली तरी 226 रुपये. मला त्यांच्याकडून काही लाख यायचे होते. अर्ध्या मिनिटात मला पुण्याचे ते जुने मालक आठवले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात सत्तर वर्षं जे बोललं गेलं, ते सगळं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

"तात्या, ते पोतं तुम्ही प्रेमाने देता," मी म्हणालो.

"प्रेमानंच," ते म्हणाले. "पण मापून देतो."

"हा निवाडा माझ्यापुढे होत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त वाचतेय. 'व्यक्तिशः कसतो' काढते. पुढे ऐका: 'लिहून देणार क्रमांक तीन यांनी आपला संपूर्ण हक्क राजीखुशीने व विनामोबदला सोडून दिला असून त्यांची कोणतीही तक्रार नाही.'"

"क्रमांक तीन कोन?" काकूंनी विचारलं.

कुणीच बोलेना.

"तुम्ही, मावशी."

"म्या कवा सोडला?"

"टायपिंगची चूक!" आम्ही दोघे एकदमच म्हणालो. जमिनीच्या बाबतीत तात्यांचं आणि माझं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"टायपिंगची चूक एखाद्या अक्षराची होते," मॅडम म्हणाल्या. "ही सव्वातीन ओळींची आहे. आणि हक्कसोड नोटरीने होत नाही, खरेदीही होत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. हे मी सांगत नाही, 1882 चा कायदा सांगतो. माझा शिक्का कितीही जोरात मारला तरी जमीन हलत नाही."

ते कलम कुणी घातलं, याचा शोध लागला नाही. टायपिस्ट म्हणाले, आधीच्या गिऱ्हाइकाचं राहिलं असेल. तात्या म्हणाले, देवाशपथ मला ठाऊक नाही. मी म्हणालो, मी तर वाचलंच नव्हतं. तिघांपैकी शपथेवर खरं बोलणारा मी एकटाच होतो आणि त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

नवा कागद निघाला. त्यात मी विधवाही नव्हतो आणि म्हैसही नव्हती. आता सह्या. तात्यांनी अंगठ्याचं पॅड काकूंपुढे सरकवलं. काकूंनी ते काठीने बाजूला सारलं. साक्षरता अभियानात त्या सही करायला शिकल्या होत्या आणि तेव्हापासून आजपर्यंत ती वापरायची संधी त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी पेन धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. पहिलं अक्षर झाल्यावर थांबून ते लांबून पाहिलं. मागे रांगेत अकरा माणसं उभी होती. कुणीतरी 'आवरा आजी' म्हणालं, तेव्हा मॅडमनी फक्त मान वर केली आणि रांग गप्प झाली. सहीला नऊ मिनिटं लागली. मग रजिस्टरात पुन्हा एकदा करायची होती. आणखी आठ.

जाताना काकूंनी मॅडमना विचारलं, "माझं आता नाव हाय न्हवं त्यात?"

"आहे मावशी. पहिल्यापासून होतंच."

"मंग न्हाई विकायचं," काकू म्हणाल्या. त्यांना कुणी विकायला सांगितलंच नव्हतं, पण विचारायचीही आता गरज उरली नव्हती.

त्या दिवशीचा हिशेब असा: नजराणा 136 रुपये, तो चलनाने भरला, पावती मिळाली. डिझेल, दोन वेळचा टायपिंगचा खर्च, झेरॉक्स, काकूंची येण्याजाण्याची रिक्षा, ओळख पटवणाऱ्या गृहस्थांचे पन्नास, अकरा माणसांना चहा आणि वडापाव, आणि तात्यांनी हट्टाने शेवटी जोडलाच तो पाचशेचा स्टँप ('कागदाला वजन येतं') मिळून 6,704. खरेदीखत अजून व्हायचं आहे. तात्या आता घाई करत नाहीत. फोनवर ते माझी विचारपूस करतात आणि मधूनच, यंदाचं शाळूचं पोतं मिळाल्याची व्हॉट्सॅपवर लेखी पोच द्या, असं गोडीत सुचवतात. मी ती देत नाही. पोतं मात्र खाऊन संपवलं आहे.

जाता जाता एक विनंती. आमचा दुरुस्त केलेला मजकूर टायपिस्टांनी त्याच फाइलीत ठेवला आहे. अलीकडे त्या लिंबाखाली कुणी म्हैस विकली असेल, तर कृपा करून आपला कागद एकदा काढून पाहावा. आमच्या आजोबांचा 'बत्तीस म'चा दाखला आणि काकूंचा एक-तृतीयांश हिस्सा त्यात गेला असण्याची शक्यता आहे.